साळिंदराचे दात

ता. रत्नागिरी,
रविवार, २१ जुलै २०२४

ती. आत्माकाकास,
ऋतिकाचा साष्टांग नमस्कार.

आधी ‘तुम्ही’ घालून लिहायला बसले आणि दोन कागद फाडले. तुला ‘तुम्ही’ म्हणायला काही जमेना. तेव्हा ‘तू’च लिहिते. राग धरायचाच तर त्याचाही धर. फोन केला असता, पण तुझा ऋत्विक म्हणाला, आमचे बाबा फोनवर ‘बरं, बरं’ म्हणतात आणि ठेवून देतात. कागद निदान पुन्हा उचलता येतो.

इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. माझ्या बाबांनी यंदा पंच्याहत्तरी गाठली. ऐकू कमी येतं, पण त्यांच्याबद्दल कुणी बोललं तर तेवढं बरोबर ऐकू येतं. मी आपल्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवते, हे तुला ऋत्विकने सांगितलंच असेल.

यंदा आठवीला अधिवास शिकवताना पोरांना वर्गात कोंडायचं नाही असं ठरवलं. उघडीप मिळाली की सड्यावर न्यायचं. कातळावरची डबकी, करवंदीच्या जाळ्या, गडग्याच्या दगडांतल्या फटी; कोण कुठे राहतं, काय खातं, याची वही करायची. त्यात कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी, पोरांना फार आवडले. उंदीर, घूस, आपली चानी म्हणजे खार, साळिंदर, ही सगळी एका गोतातली. यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडून झिजवले नाहीत तर तोंड मिटायची पंचाईत. हे ऐकून सानवी नावाची एक आगाऊ पोर म्हणाली, “बाई, मग आमची आजीपण कृंतक हाय. बोलली नाय तर तिचं तोंड दुखतं.” मी रागवायला हवं होतं. हसत बसले.

शाळेमागे गेल्या पावसाळ्यात पोरांनी आंब्याची कलमं लावली होती. मेच्या सुट्टीत तिकडे कुणी फिरकलं नाही. जूनमध्ये बघतो तर अकरा कलमं वाळलेली, बुंध्याशी गोल साल काढलेली आणि आतलं लाकूड उघडं. आमच्या खिचडी करणाऱ्या यमुनाबाईंनी कपाळावर हात मारला. “कोणीतरी कोयता चालवलान गो!” आणि लगोलग शेजारच्या बागवाल्याचं नावही घेतलं, कारण कुंपणावरून त्याचं आणि शाळेचं वाजलंय. मी ‘तोच असणार’ म्हणणारच होते, काका. तोंडापर्यंत शब्द आला होता.

तेवढ्यात सानवी भिंग घेऊन बुंध्याशी उकिडवी बसली. “बाई, कोयत्याला दोन धारा असतात काय?”

खरंच, लाकडावर जोडीजोडीने खाचा होत्या, रुंद आणि एकमेकींना चिकटून. कोयता एकच तिरका घाव सोडतो. उंदराचे, चानीचे दात एवढे रुंद नसतात. गडग्याखाली एक मोठं बीळ सापडलं, त्याच्या तोंडाशी दोन काळे-पांढरे काटे आणि बैलाचं एक हाड, चहूबाजूंनी कुरतडलेलं. साळिंदर हाडंसुद्धा कुरतडतं, त्यातला चुना त्याला लागतो आणि दातही झिजतात. चोर सापडला म्हणून पोरं नाचायला लागली. मी पुन्हा त्या बुंध्याशी गेले.

आपली एकोणीस कलमं मला जशीच्या तशी दिसत होती.

तो ९८ सालचा मे. सड्यावरच्या जागेवरून तुझं नि बाबांचं कडाक्याचं भांडण झालं आणि आठ दिवसांत एकोणीस कलमांच्या साली अशाच गोल निघाल्या. ती सगळी तू स्वतःच्या हाताने बांधलेली. तरी बाबांनी तुझंच नाव घेतलं आणि गुरवाकडून देवीपुढे गाऱ्हाणं घातलं, की ज्या हाताने कलमं मारली त्या हाताने बांधलेलं कलम पुन्हा लागू नये, जगू नये. आठवड्याच्या आत काकीला आणि ऋत्विकला घेऊन नाटे बंदरात सासुरवाडीला निघून गेलास.

मागच्या महिन्यात ऋत्विक एसटी स्टँडवर भेटला, तेव्हा सहज बोलून गेला. तू तिकडे होडीवर जातोस, जाळी विणतोस, पण कलम बांधायच्या चाकूला सव्वीस वर्षांत हात लावलेला नाहीस. शंभरातली पंच्याण्णव कलमं ज्याची लागायची, तो माणूस! मी त्या दिवशी घरी येताना आमचा थांबा चुकवला.

बाबांनी तेव्हा पंचांना दाखवायला एक बुंधा कापून माळ्यावर ठेवला होता. साळिंदराचा छडा लागला त्या दिवशी शाळेतला एक वाळका बुंधा घेऊन घरी आले ती तशीच माळ्यावर चढले. तो जुना बुंधा तिथेच होता. पुसला, भिंग लावलं. दोन-दोन खाचा, शाळेतल्यासारख्याच. खाली आणून दोन्ही लाकडं बाबांसमोर ठेवली आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पण तू आत्माला बागेतून येताना बघितलं होतंस ना गो?”

काका, इतका वेळ उंदीर-घुशी सांगत बसले ती या वाक्यापाशी यायचं नव्हतं म्हणून.

मी बघितलं नव्हतं. तू कोयता कमरेला अडकवून लाकडं तोडायला खालच्या वाटेने जात होतास, रोजच्यासारखा. बागेत गेलाही नव्हतास. पण त्याच्या आदल्या आठवड्यात तू ऋत्विकला हर्णेला मासळीचा लिलाव दाखवायला नेलंस आणि मला म्हणालास, “तुला पुढच्या खेपेला.” मी रुसले होते. बाबांनी विचारलं, बागेतून येताना बघितलंस ना? मी ‘हो’ म्हटलं. वाटलं, तुला जरा ओरडा बसेल, बस्स. मग तू गेलास, आणि खरं सांगायची मला भीती वाटायला लागली. पुढे भीती गेली, लाज उरली. आता पोरांना सांगते, आधी पुरावा बघा, मग बोला. कुठल्या तोंडाने सांगते ते मलाच ठाऊक.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते ओटीवर बसून राहिले. आई जेवायला हाका मारून दमली. शेवटी म्हणाले, “तू बारा वर्षांची होतीस. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी तसं विचारलं.”

गेल्या मंगळवारी देवळात गेले. गुरवाला म्हटलं, ते गाऱ्हाणं मागे घ्यायचंय. त्याने विचारलं, “खोटं कोण बोललं? नाव काय घेऊ?” मी म्हटलं, माझं घ्या, वडिलांच्या नावासकट घ्या. यमुनाबाई होत्या, अर्धं गाव होतं. आत्मारामाचा दोष नव्हता, त्याचा हात मोकळा कर, असं गुरवाने देवीला सांगितलं. अशा वेळी जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. मग मागून, सगळ्यांच्या आधी, बाबा ओरडले, “व्हय म्हाराजा!” आवाज फाटला होता. मग बाकीचे म्हणाले.

माझं चुकलं, काका. फार चुकलं. मला तुझी आठवण येते, सव्वीस वर्षं येते आहे.

बाबा नाट्याला यायचं म्हणतात. तू बोलावल्याशिवाय मी त्यांना आणणार नाही. आईने ऋत्विकबरोबर फणसपोळी पाठवली आहे. ती तेवढी खा, तिने तुझं काही केलेलं नाही.

एवढ्यात तिकडेही पावसात रुजलेल्या कोयींना तांबडी पालवी फुटली असेल, कलम बांधायची हीच वेळ. एक कलम बांधून बघ. आमच्यासाठी नको, आमच्या बागेत नको. तिथेच, तुझ्या परड्यात. आणि लागलं, तर आम्हाला कळवायलाही नको.

काहीच न बघितलेली,
तुझी पुतणी
ऋतिका