ढवळीची नंबरप्लेट

मंगळवार, ता. ११ नोव्हेंबर. घोटावडे.
स. उठल्याबरोबर सगळ्यांची विचारपूस. सुमनला विचारलं, गुडघा कसाय? म्हणाली, "हाय जागच्या जागी." सूनबाईंची सर्दी? अश्विनीनं शिंकूनच उत्तर दिलं. पोरगा पाठ धरून का होईना कामावर गेला. गाईनं चारा खाल्ला. माझं प्रेशर गोळीनं ताळ्यावर. शेवटी ढवळीच्या बॉनेटवर हात ठेवला. पहिल्या चावीला सुरू! चोवीस वर्षांची मोटार, त्यातली वीस आमच्या दारात. घरात ठणठणीत ती एकटीच.
जुन्या गाड्यांना सरकारी नवी नंबरप्लेट सक्तीची झालीय. अश्विनी म्हणाली, "बाबा, रविवारी मी ऑनलाइन फॉर्म भरते. दोन मिनिटांचं काम आहे."

शुक्रवार, ता. १४
पिरंगुटला दुकानात प्लेटभोवतीच्या फ्रेमा बघितल्या. एक चकचकीत स्टीलची, एक लाल दिव्यांची, एक साधी काळी.
दुकानदार लई बोलका. "आजोबा, दिव्याची घ्या. म्हातारी नवरीवाणी दिसंल."
म्हटलं, "नवऱ्या लई पोचवल्यात तिनं. आता तिला तसलं शोभायचं न्हाई."
काळी मनात भरली. तिला खाली बोटभर पट्टी आहे. नव्या प्लेटवर नंबराशिवाय एक अक्षर चालत नाही, म्हणून लोक नाव त्या पट्टीवर टाकतात. दुकानदार म्हणाला, "काय टाकू? आईचा आशीर्वाद? नातवाचं नाव?"
मी विचारलं, दोन नावं बसतील का?
"बारीक केली तर बसत्याल. सांगा."
पुन्हा येतो म्हणून निघालो. परत येताना डावीकडची सीट रिकामी, ते आज जास्तच दिसलं.

रविवार, ता. १६
फॉर्म अडला. अश्विनीनं गाडीचा कागद दोनदा वाचला. "बाबा, मालकाचं नाव रफिक आहे. कोण हे?"
सुमन विळीवर मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगा आता."
सांगितलं. रफिक पौडचा. बाजारपेठेत त्याचं चपलांचं दुकान. मी चौथीत शाळा सोडली, पुढचं वाचायला त्याच्या दुकानातल्या रद्दी पेपरांवर शिकलो. गाडी दोघांनी मिळून घेतली. नाव कुणाचं लावायचं यावर दोन दिवस "तुझं लाव, तुझं लाव". शेवटी तोच म्हणाला, "दत्तू, कागूद माज्याकडं, चावी तुज्याकडं. म्हंजी कुणी एकटा कुटं जायचा न्हाई." त्याला गाडी चालवता येत नव्हती. डावीकडे बसून तोंडानंच हॉर्न वाजवायचा. गावातल्या किती पोरी सासरी पोचवल्या, किती बाळंतिणी पुण्याला नेल्या.
अश्विनी म्हणाली, "मग काय, फोन करा त्यांना. ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येतो. तो आकडा मिळाला की झालं."
तिचं झालं. माझं कुठं?

सोमवार, ता. १७
भांडण झालंच नव्हतं, हीच तर अडचण. भांडलो असतो तर मिटलं तरी असतं.
चार वर्षांपूर्वी ढवळीचं पुन्हा पासिंग केलं. र. तेव्हा टायफॉइडनं घरी पडून. मागची प्लेट रंगवायला दिली. जुन्या प्लेटवर नंबराखाली बारीक अक्षरात "दत्तू–रफिक" होतं. पेंटर म्हणाला, नंबर मोठा काढायचा नियम आहे, आता एकच नाव मावतंय. मी म्हणालो, टाक "दत्तू". विचार असा काही केला नाही. उभ्या उभ्या बोललो.
र. बरा होऊन आला. प्लेटीपाशी वाकला. बराच वेळ वाचल्यासारखं केलं. पाच अक्षरंसुद्धा नव्हती वाचायला. मग डावीकडच्या कप्प्यातला त्याचा चष्मा, पानाची डबी, रुमाल काढून घेतला आणि चालत गेला. मी म्हणालो, अरे बस, सोडतो. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुझी गाडी हाय."
पुढं त्याच्या मुलानं त्याला नि मुमताजवहिनींना मिरजेला नेलं. मला नंतर कळलं.
दुसऱ्याच दिवशी पेंटरकडे गेलो असतो तर…

बुधवार, ता. १९
पौडला गेलो. चपलांचं दुकान आता र.चा पुतण्या बघतो. मला काका म्हणून हाक मारली, चहा पाजला, मिरजेचा पत्ता आणि नंबर दिला. तिथूनच फोन लावला. मुमताजवहिनींनी उचलला.
"कोण? दत्तूभावजी? या बया! जिवंत हायसा व्हय!"
हसल्या. र. बाहेर गेला होता. मी विचारलं, माझं नाव काढतो का?
"तुमचं न्हाई काढत. खोटं कशाला बोलू? पर पौडचं कुणीबी आलं की आदी इचारत्यात, ढवळी चालू हाय का?"
मी फोन पुतण्याच्या हातात दिला.

शनिवार, ता. २२
दुकानदाराचा फोन. काळी फ्रेम राखून ठेवलीय, नाव सांगा. म्हटलं, पट्टी कोरी ठेव. म्हणाला, "कोरी कशाला, आजोबा? लोक फुकट जागा सोडत न्हाईत." म्हटलं, मी सोडतोय.
र.नं तीन दिवसांत फोन केला नाही. वहिनींनी सांगितलं असणारच.
पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. सुमन म्हणाली, "माफी मागायची तर मागा की सरळ. कागदाचा काय गुन्हा?"

रविवार, ता. २३
पत्र झालं. उद्या टपालात टाकणार. नक्कल इथं उतरवून ठेवतो.

"रफिक, ढवळी चालू आहे. तुझं नाव मी काढलं ते फार वाईट केलं. पेंटरनं जागा नाही म्हटलं आणि मी ऐकलं. चार वर्षं रोज तेच आठवतं. आता नवी प्लेट घालायचीय, कागद तुझ्या नावावर आहे, तुझ्याशिवाय ती दारातून हलायची नाही. आपण ठरवलं होतं तसंच झालं बघ. फ्रेमला पट्टी आहे. आधी तुझं नाव, मग माझं. किंवा नुसतं तुझं. तू सांगशील तसं. फॉर्म भरताना तुझ्या मोबाइलवर आकडे येतील, ते दहाच मिनिटं टिकतात. म्हणून तू इथं ओसरीवर टेकलास की मगच आमची अश्विनी बटण दाबेल. ती म्हणते, फोनवर सांगितले तरी चालतं. तिचं ऐकू नकोस. फोनवर सांगू नकोस. वहिनींना घेऊन ये. यायचं नसलं तर नाही म्हण, पण तेही तुझ्या हातानं लिही, आणि लवकर लिही."