समुद्र म्हणून अंथरलेली घोंगडी

प्रिय सुलक्षणा,

प्रिय लिहिलंय ते शाळेपासूनची सवय म्हणून. हुरळून जाऊ नकोस.

गेल्या आठवड्यात यवतवरून बस पकडून मी तुझं प्रदर्शन बघायला पुण्याला आले होते. तू माईकवर बोलण्यात गुंग, मी कुठली दिसते तुला! पायाखाली समुद्राचं दुःख जाणवू द्या, असं काहीतरी चाललं होतं तुझं. आन् पायाखाली काय होतं? आमच्या बिरोबाची घोंगडी! तेलानं काळा पडलेला समुद्र म्हणून तू ती फरशीवर अंथरलीस, वर प्लास्टिकच्या बाटल्या शिवल्यास, आणि माणसं बूट घालून तिच्यावरनं फिरत होती. एकजण तर टाच रोवून फोटो काढून घेत होता. अगं, लाज कशी वाटली नाही तुला?

तुमचा भाजीचा मळा, आमची मेंढरं, म्हणून तुमच्या देवाचं मला काय ठाऊक, असली सबब सांगू नकोस. निम्मं बालपण आमच्या ओसरीवर काढलंयस. त्या घोंगडीवर देव बसायचा, भंडारा पडायचा, तेव्हा चपला काढ म्हणून तुला कधी सांगावं लागलं नाही. आता कलाकार झालीस म्हणून विसरलीस व्हय?

तू नुसती काळ्या लोकरीची घोंगडी मागितली होतीस. घरात दुसऱ्याही होत्या. पण आईनं देवाचीच काढून दिली. कोळी लोक समुद्राला देव म्हणत्यात, मग देवाला देवाचंच द्यावं, असं तिचं म्हणणं. आपली घोंगडी मासे वाचवायला गेली म्हणून सगळ्या भांडगावात सांगत फिरते ती. समुद्र वाचवायला निघालीस ते चांगलंच आहे गं. पण त्यासाठी आमचा देव तुडवायचा? चुलीत गेली तुझी कला!

घरी येऊन आईला मी छान होतं म्हणाले. जीभ झडली कशी नाही माझी, कोण जाणे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे लिहिलं. येत्या रविवारी आई येतेय. समुद्राला वाहायला नारळ आणून ठेवलाय तिनं. दारातच चपला काढेल, हात जोडेल. त्याच्या आत ती घोंगडी झाडून फरशीवरनं उचल आणि छताला टांग, चांगली उंच. समुद्र वरच असतो म्हणून सांगेन मी तिला. तिनं कुठं पाहिलाय.

तुझीच लिहायला हात वळत नाही,
प्रतिभा