कुणाचीच नसलेली खोली

१२ जानेवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हो हो म्हणत ठेवून देतेस, म्हणून पत्रच लिहिते. बदलीवर जाताना तुझी सशीण राणीसरकार माझ्याकडे सोडून गेलीस, ती मजेत आहे. मजेत नाही ती माझी ठकी. काल मधली जाळी घटकाभर उघडली, तर राणीने ठकीच्या पाठीचे केस उपटून खोलीभर कापूस केला. सोडवायला गेले तर माझाच हात फाडला. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांना हुक लावताना अजून बोटं ठणकतात.

प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, नसबंदी झालेली असली तरी सशाच्या दोन माद्या एका घरात नांदणं कठीण. मी म्हटलं, आम्ही दोघी बहिणी नांदलोच ना इतकी वर्षं! ते नुसतेच हसले.

पण उन्हाळ्यात तू परत आलीस की आपल्याला चौघींना एकाच छपराखाली राहायचंय, तेव्हा त्यांची गट्टी जमवायलाच हवी. तुझ्या खोलीला रंग देऊन झाला, फिका निळा, तुला हवा तसा. पडदे शिवायला घेतलेत. वेळेवर जेवत जा, आणि माझ्यावर आहे तेवढी माया असू दे.

तुझी ताई

२० जानेवारी

ति. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग हाताचं वाचून वाईट वाटलं. जाड हातमोजे घाल, आणि जखम साबणाने धू. नर्स बहिणीचं एवढं तरी ऐक. अगं, ठकीच्या राज्यात राणीला सोडलंस तर भांडण होणारच. दोघींपैकी कुणाचाच वास नसलेली जागा लागते. माझी खोली घे ना. नव्या रंगानंतर तिथे दोघीही गेलेल्या नसतील. आता कुणाचीच नाही ती खोली.

आधी त्यांच्या अंगाखालची फडकी बदल. हिचं तिला, तिचं हिला. मग थोडा थोडा वेळ एकत्र सोड आणि दोघींच्या डोक्यांवरून एकदमच हात फिरव. घाई करू नको. एकीने दुसरीचं कपाळ चाटलं की तू जिंकलीस. त्यानंतर मात्र त्यांना कधी वेगळं करायचं नाही. ताई, मनावर घे हं. राणी एकटी पडली तर मला इथे चैन पडणार नाही. तुझा जीव आहेच माझ्यावर, तो तसाच राहो.

तुझी धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस, अ. आ.

जमलं गं बाई एकदाचं! नव्या रंगाची खोली त्यांना द्यायचं जिवावर आलं होतं, पण तूच म्हणालीस म्हणून दिली. रोज मशीन बंद केलं की तिथे फतकल मारून बसायचे, एक हात हिच्यावर, एक तिच्यावर. काय ते रुसवेफुगवे! राणी अंगावर चढून वरचढपणा दाखवायची, ठकी पाय आपटून निषेध नोंदवायची. आज राणीने मान खाली घातली आणि ठकीने तिचं कपाळ चाटलं. मला रडूच आलं. हसू नकोस.

तू नेमकी कधी येतेस? मागच्या पत्रात त्याबद्दल चकार शब्द नाही. एक पडदा कोपऱ्यात कुरतडलाय, रागावू नको. उद्या दोघींना नखं कापायला नेते. तू येईपर्यंत आठवण काढत राहा.

तुझी ताई

१७ मार्च

धाकटे,

आज मायना घालवत नाही.

डॉक्टरांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की बहीण परत यायच्या आत गट्टी जमवली. ते गोंधळले. म्हणाले, जाण्याआधी तू राणीला तपासायला नेलं होतंस तेव्हाच त्यांना सांगितलं होतंस की तिकडची नोकरी कायमची आहे, घरही ठरलंय, राणी आता ताईकडेच राहील. मला ठाऊक असणारच असं त्यांना वाटलं. मी ठाऊक असल्यासारखी मान डोलावली आणि टोपली उचलून निघाले.

बदली नव्हतीच तर. बाहेरच्या माणसाला खरं, आणि मी रंग विचारला तेव्हा मला फिका निळा. हे खोटं असेल तर लगेच कळव.

ताई

२६ मार्च

ति. ताईस, सा. न. वि. वि.

खोटं नाही. सांगणार होते गं. दर वेळी तू खोलीचं काढायचीस आणि माझी जीभ लुळी पडायची. मला माझं एकटीचं घर हवं होतं, ताई. तुझा कंटाळा आला असं नाही, पण तुझ्या घरात मी कायम धाकटीच राहिले असते.

आधी सांगितलं असतं तर तू राणीला ठेवून घेतलंच असतंस, पण इतका जीव ओतून ठकीशी तिचं जमवलं असतंस का, याची मला शंका होती. म्हणून गप्प राहिले. चुकलं माझं. आता त्यांना वेगळं करू नकोस, एवढंच मागते. सुट्टीत येईन. राग गिळून दोन ओळी लिही, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझीच धाकटी

५ एप्रिल

धाकटे, आशीर्वाद. ते काही मागे घेता येत नाहीत.

दोघींना वेगळं करणार नाही. राणी ठकीच्या पाठीवर मान टाकून झोपते, छान खाते, तिची काळजी नको. तू माझा विश्वासघात केलास, हे मात्र स्पष्ट लिहिते. वेगळं राहायचं होतं तर तुझं सामान मी स्वतः बांधून दिलं असतं. दोन दिवस रडले असते, आणि मग उठून कामाला लागले असते. तेवढंही तू मला करू दिलं नाहीस. सुट्टीत ये, अंथरूण बाहेरच्या खोलीत घालीन.

पत्रं पुन्हा वाचली. किती बारकाईने विचार केलास तू: मागे राहणारी एकटी पडू नये, तिला सोबत मिळावी, हळूहळू सवय व्हावी, घाई होऊ नये. सगळा विचार केलास गं. फक्त तो राणीसाठी केलास.

ताई