लोखंडाचा आवाज

बुधवार, ३१ ऑक्टोबर
डबे, डबे, डबे! इंग्रजांची फौज महायुद्धात या वाळवंटात लढायला आली होती की खायला? साठ-पासष्ट वर्षं झाली, अजून त्यांचे मटणाचे डबे आणि तंबूचे खिळे वाळूतून निघतात. प्रत्येकावर धातू शोधायचं मशीन बोंबलतं, आणि आमचे दोन पुरुष दिवसभर कुदळ मारतात. अलेक्झांड्रियाचा व्यापारी घेतो फक्त पितळ — बिल्ले, बटणं, बकलं. मग लोखंड ऐकायचं कशाला?

मी भाकरी घेऊन इंग्रजांच्या जुन्या छावणीवर गेले तर दोघे चहाला बसलेले. मशीन मी उचललं. बटण फिरवलं — लोखंड गप्प! माझा नवरा जबाल्ला म्हणाला, "बघ शुएब, आता ही आपल्याला शिकवणार." त्याचा भागीदार शुएब हसला नाही. "वहिनी, लढाईतला पुरलेला सुरुंगही लोखंडाचाच असतो. जाताना बटण जागेवर आणा."
"आणते रे बाबा! सासूसारखी किरकिर नको."
आणि दहा पावलांवर सापडलं — पितळी बकल, वर मुकुट! मशीन तिथेच ठेवून ओरडत घरी आले. जबाल्लाला दाखवायचंही राहिलं.

शुक्रवार, २ नोव्हेंबर
जबाल्ला गेला. काल सकाळी. सुरुंग.

शनिवार, ३ नोव्हेंबर
"साफ आहे" म्हणाला! मशीन शुएबच्या हातात, कान शुएबचे. "साफ आहे" म्हणून तो वीस पावलं पुढे गेला आणि माझ्या नवऱ्याने कुदळ मारली. कंबरेखाली काही उरलं नव्हतं. घोंगडीत आणला तर घोंगडी हलकी! एक चप्पल बाभळीत अडकली होती, ती मीच काढली. आत अजून बोटं होती.

काल दफन झालं. आज माझा भाऊ राजेह आला. तंबूच्या खांबाने त्याने शुएबचा हात मोडला. कडकन आवाज आला. मी दगड घेतला आणि तोंडावर मारला. दोन दात वाळूत पडले. त्याने हात वर केला नाही. शुएबची बायको गझाला किंचाळत होती, "मारा! अजून मारा! त्याने जबाल्ला परत येणार आहे का?"
मी म्हटलं, "नाही येणार. म्हणूनच मारते."

रविवार, ४ नोव्हेंबर
शुएब पळाला नाही, रीतीप्रमाणे दुसऱ्या टोळीच्या हाजी बूकताईच्या घरी आसऱ्याला गेला. आता वर्षभर कोणी हात लावायचा नाही. राजेह म्हणतो, "वर्ष मला मोजता येतं." पिस्तूल तेल लावून ठेवलंय.

मंगळवार, ६ नोव्हेंबर
शेळ्यांना पाणी. जबाल्लाचा चहाचा पेला फोडला. मग तुकडे गोळा केले.

गुरुवार, ८ नोव्हेंबर
हाजी बूकताई येऊन गेला. येत्या गुरुवारी, पंधराला, पंचायत. "आपल्या पीर सीदीच्या कबरीवर हात ठेवून शुएबने शपथ घेतली की मशीन नीट होतं, तर सुटेल."
"मग घेईल की! जिभेला हाड आहे का त्याच्या?"
"नाही म्हणतो, बाई. म्हणतो, चूक माझी."
बघा! कबूल आहे त्याला! राजेह म्हणाला, कबुली दिली की वर्ष संपल्याच्या पहिल्या सकाळी दारातच गोळी घालीन. घाल म्हटलं.

शनिवार, १० नोव्हेंबर
हाजीने मशीन पाठवलं. जबाल्लाच्या वाट्याचं. दगडाने फोडणार होते. आधी चालू केलं, बघू तर म्हटलं कसं बहिरं झालं ते. त्याच्या कुदळीवर धरलं — गप्प. डब्यावर धरलं — गप्प. पितळी किटलीवर धरलं आणि कानठळ्या बसल्या!
लोखंड बंद होतं.
हरामखोराने लोखंड बंद ठेवून माझ्या नवऱ्याला —

पान मागे उलटलं. बुधवारचं वाचलं. माझंच अक्षर.

रविवार, ११ नोव्हेंबर
गझालाला गाठलं. तिने तोंड फिरवलं, मग बोललीच. "स्फोटानंतर त्याने पहिलं ते बटणच बघितलं. तुझं आहे, लगेच कळलं त्याला. म्हणतो, सकाळी बघायचं काम माझं होतं. बाईचा नवरा गेलाय, वर हे कशाला." माझ्याकडे बघत म्हणाली, "दात पडताना बोलला असता. नाही बोलला."

दया! माझ्यावर! कोणी मागितली होती? सकाळी बघायला हवं होतं त्याने, बघायला हवं होतं! पण फिरवलं मी.

गझालाला सांगून पाठवलंय — जा, विचार त्याला. गुरुवारी पंचायतीत राजेहसमोर तू गप्प बसून मरणार, की मी बोलू? बुधवारी दिवस मावळायच्या आत उत्तर पाहिजे.