दालचिनी काही खात नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

सगळ्यात आधी टपकली ती समोरची वीप्का! अंगात अॅप्रन तसाच, हातात बटाटे सोलायची सुरी. मी म्हटलं, सुरी कशाला गं? तर म्हणे, "हातात होती, तशीच आले." खोटं! घाबरून आणली होती. वीप्का माझ्या लेकीच्या वयाची, पण पोक्तपणा असा दाखवते की जणू तिनंच मला बारशाला मांडीवर घेतलं होतं.

"बाऊके, तुझ्या खिडकीत साप आहे."

"माहितेय मला. मीच ठेवलाय."

मग शाळा सुटली आणि पोरांची रांग. काचेला नाकं लावून उभी! सगळ्या काचेवर नाकाचे ठसे. पुसून काढले. पण बरं वाटलं बाई. माझा नवरा सीप गेल्यापासून माझ्या खिडकीपाशी कोण थांबलंय? येतात, हात करतात, जातात.

तर हा साप. माझी नात नीन्का शहरात नव्या खोलीत राहायला गेली. घरमालकीण म्हणाली, मांजर चालेल, साप नाही. म्हणून काल काचेची पेटी, दिवा, सगळं माझ्याकडे आलं. करंगळीएवढा जाड, शाई संपत आलेल्या पेनाएवढा हलका. रंग दालचिनीसारखा म्हणून नाव दालचिनी. आहे मात्र पोरगा. दोन डोळे म्हणजे दोन मोहऱ्या! मी तर बघताक्षणीच पाघळले. टेबल पुढच्या खिडकीशी ओढलं, दोन्ही बाजूंना दोन सारख्या कुंड्या ठेवल्या, मधोमध हा. सगळ्या गल्लीत अशी खिडकी कुणाची नाही.

एकच काळजी. नीन्कानं घेतल्यापासून त्यानं काही खाल्लेलंच नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

त्याचं जेवण म्हणजे उंदराचं पिल्लू. बर्फात गोठवलेलं, गुलाबी, बोटाच्या पेराएवढं. माझ्या फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या शेजारी ठेवलंय. आधी कसंतरी झालं, मग म्हटलं, हेरिंग मासा आपण शेपटीला धरून कच्चा गिळतो तेव्हा कुठं कसंतरी होतं?

गरम पाण्याच्या कपात एक सोडलं. तेवढ्यात वीप्का मागच्या दारानं आत. ओट्यावरचा कप उचलून म्हणते कशी, "कॉफी गार झाली की गं तु—"

असली किंचाळली!! रस्त्यापलीकडे ऐकू गेलं असेल. मी कप आधी वाचवला.

चिमट्यात धरून त्याच्यापुढे हलवलं. वीप्का माझ्या मागे, तिच्या मागे पोस्टमन, काचेबाहेर पोरं. सगळे श्वास रोखून! दालचिनीनं जीभ बाहेर काढली, आत घेतली, आणि पेटीतल्या खापरीखाली जाऊन बसला तो बाहेर येईना. पोरं म्हणाली, "आजी, परत दाखवा ना!" मी परत दाखवलं. मग परत. नाही म्हणजे नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

नाही खाल्लं. खिडकीच्या काचा धुतल्या, त्याची पेटीही लख्ख पुसली. स्वच्छ जागी भूक लागते.

नाही लागली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज नीट बघितलं. शेपटीपाशी कातडी सुरकुतलीय. पाठीचा कणा बोटाला लागतो. परवा नव्हता लागत. बाई गं, हा माझ्या घरात, माझ्या हातात मरणार!

नीन्काचा फोन. "आजी, खाल्लं का त्यानं?"

मी म्हटलं, थोडंसं.

"थोडंसं कसं? तो उंदीर आहे, बिस्किट नाही!"

मग ती रडायला लागली, मी इकडे. शेवटी तिनं योरिटचा नंबर दिला. ज्याच्याकडून साप घेतला तो, डोक्कुम गावचा. त्याच्या घरात असे पन्नासेक आहेत म्हणे. बायको काय म्हणत असेल?

योरिट शांतपणे बोलला. "आजी, एवढं पिल्लू फार दिवस काढत नाही. शनिवारी येतो आणि घेऊन जातो. मग घशात नळी घालून भरवावं लागेल. खरं सांगतो, एवढीशी पिल्लं कधीकधी त्यातच जातात."

मग त्यानं विचारलं, पेटी कुठे ठेवलीय?

मी म्हटलं, पुढच्या खिडकीत. सगळ्या गावाला दिसेल अशी!

त्यानं मला तिथंच थांबवलं.

"आजी, रानात त्याच्याकडे जो बघतो ना, तो त्याला खायलाच बघत असतो."

आणि मी? दिवसभर डोळे लावून बसलेली. आणि वर बोलावून बोलावून दाखवलेलं!

आमच्याकडे दिवसा पडदा कोण ओढतं? आपल्या घरात लपवण्यासारखं काही नाही, हे आई शिकवते, तिची आई शिकवते. पडदा ओढायचा तो घरात माणूस गेलं की. सीप गेला तेव्हा ओढले होते. लोक ताटं पुढे करत होते, "बाऊके, दोन घास खा," आणि माझ्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. सगळे गेल्यावर त्या अंधाऱ्या खोलीत एकटीनं अख्खा साखरपाव खाल्ला. बघायला कुणी नव्हतं म्हणून.

मागच्या खोलीत न्यावी म्हटलं तर पेटी मला उचलत नाही, आणि ती खोली गारठलेली. पेटीवर चादर टाकावी तर वर दिवा तापलेला, घरच पेटायचं. एकच उपाय दिसतोय. पण लोक काय म्हणतील?

म्हणू देत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं आजच लिहून ठेवते.

भर दुपारी पुढचे पडदे ओढले. दोन्ही! कड्या केवढ्या खळखळल्या! पिल्लू गरम करून त्याच्या खापरीच्या तोंडाशी ठेवलं. चिमटा नाही, हलवणं नाही. दिवा बारीक केला. आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून बसले. माझ्यासारखीला पाठ करून बसायचं म्हणजे शिक्षाच! ऐकू काही येत नाही. मनात येत होतं, आत जाऊन बघायचं आणि तो ताणून पडलेला असायचा, ताठ.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. वीप्का. काळा कोट, हातात फडक्यात बांधलेला साखरपाव, डोळे लाल.

मी पटकन ओठांवर बोट ठेवलं. ती अजूनच रडायला लागली, पण आवाज न करता.

"कोण गेलं गं?" कुजबुजली.

"कुणी नाही गेलं. तो जेवतोय."

"कोण जेवतोय?"

"जेवतोय की नाही तेच तर माहीत नाही!"

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाऊके, भर दुपारी पडदे ओढलेस. मी तुझ्यासाठी रडत रडत रस्ता ओलांडला. गाडीसुद्धा बघितली नाही. आणि आत साप जेवतोय?"

"हळू बोल."

"पाद्रीबाईंना फोन केलाय मी!"

"मग परत कर."

तिनं केला. काय सांगितलं देव जाणे. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली, कोटासकट. आम्ही दोघींनी भिंतीकडे बघत साखरपाव खाल्ला. आत जायची हिंमत मला होईना. पेटी उघडायची भीती मला सापाची नव्हती, न हलणाऱ्या सापाची होती. शेवटी वीप्काच उठली. सापाला घाबरणारी वीप्का! चवड्यांवर गेली. किती वेळ लागला बाई तिला!

दारात उभी राहून म्हणाली, "पिल्लू नाहीये तिथं."

"आणि तो?"

"तो आहे. त्याच्या पोटात मध्येच एक गाठ आलीय. आणि ती पुढे सरकतेय."

मी ओरडले नाही. वीप्काचा हात एवढा दाबला की तीच ओरडली.

८ नोव्हेंबर, शनिवार

योरिट आला, बायकोला घेऊन. फुगलेलं पोट बघून हसला. "न्यायचं कारणच उरलं नाही, आजी. आता हा वीस वर्षं कुठे जात नाही."

वीस! मी एक्याऐंशीची. आठवडाभर घाबरत होते ती हा माझ्या आधी जाईल म्हणून.

वीप्का कॉफी ओतत होती. थांबली. मग मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वेळी खायला घालशील तेव्हा मला बोलव. सगळं शिकून घेते." योरिटची बायको म्हणाली, मीच येऊन शिकवते.

दोघी गुरुवारी येणार आहेत.