चौथी मागणी

प्रिय धाकट्या,

तुला आता तिकडे सगळे फादर म्हणतात. मी म्हणणार नाही. ज्याचं नाक मी पाच वर्षं पुसलं त्याला फादर म्हणायला माझी जीभ वळत नाही. दुपारचे दोन वाजलेत, आईचा आत्ताच डोळा लागलाय आणि मी शाळेच्या ऑफिसात गेलेली नाही. सव्वीस वर्षांत क्लार्कबाईंनी न कळवता मारलेली ही पहिली दांडी. आईच्या खुब्याचं हाड जुळतंय म्हणतात. वॉकर धरून ती खिडकीपर्यंत जाते आणि परत येताना डॉक्टरला शिव्या घालते, म्हणजे सुधारणा आहे. पत्र आपल्या सिस्टरबाईंबरोबर, मधलीबरोबर, पाठवतेय. संध्याकाळी ती सीमेपलीकडे तिच्या कॉन्व्हेंटला परत निघेल आणि तिकडच्या पोस्टात टाकेल. आपल्या इथे टपाल फोडून वाचतात, तुला ठाऊकच आहे.

आई पडली त्या शनिवारी मधली आणि मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलो होतो. वेळ जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी, रविवारच्या मिस्सेत, देवळात वाचायचे कागद काढले. तिचा तिच्या पिशवीत होता, तुझा तू माझ्या फोनवर पाठवला होतास, आणि आमचा मला अजून लिहायचा होता. वाचनं तीच, शुभवर्तमान तेच, पाद्र्यांचे झगेसुद्धा तिन्हीकडे सारखेच काळे. फक्त लोकांच्या वतीने देवापुढे वाचायच्या मागण्या वेगळ्या. मधलीच्या कागदावर नदी, खाणीत फुप्फुसं गमावलेली माणसं, जमिनीवरून हुसकावलेली गावं. त्यांचे बिशप म्हणे बुलडोझरसमोर खुर्ची टाकून बसले. तुझ्या कागदावर पोटातली मुलं, लग्नाचा नवा कायदा आणि येणारी निवडणूक. तुमच्या बंदरावर होड्यांतून येणाऱ्या लोकांबद्दल अक्षर नाही, म्हणून मधली फुरंगटली. मी तिला विचारलं, की तुझ्या बिशपांनी पोटातल्या मुलांबद्दल कधी ब्र काढलाय का. मग दोघी हसलो. एका आईच्या तीन पोरांनी देवाकडे तीन तऱ्हेचे हट्ट धरावेत तसं ते होतं.

आमच्या मागण्या तुला पाठ आहेत. पोप, आजारी, मयत आणि चौथी शाळेची. शाळेचा परवाना दरवर्षी नवा करावा लागतो, म्हणून आपले बिशप दरवर्षी मंत्र्यांकडे जातात आणि हसून फोटो काढून घेतात. तू फोनवर त्याला शेपूट घालणं म्हणालास. मला ते फार लागलं. तुमच्यासारखं पन्नास हजार माणसं पाठीशी घेऊन चौकात उभं राहणं वेगळं आणि नऊ बाकांच्या देवळात उभं राहणं वेगळं. इथे शेवटच्या बाकावर सरकारी माणूस वही घेऊन बसतो, नव्या कायद्याने. अकराशे पोरं त्या शाळेत शिकतात. पण खरं सांगू, तू खोटं बोलला नव्हतास.

त्या रविवारी मागण्या वाचायची पाळी माझी होती. सकाळीच हॉस्पिटलमधून बोलावणं आलं, आईला ऑपरेशनला आत घेत होते. मी कागद वेदीजवळच्या फाइलमध्ये सरकवला आणि पळाले. माझ्या जागी गणिताचे मास्तर उभे राहिले. तुला अपूर्णांक शिकवले तेच. समोर ठेवलेला कागद ते कधी आधी पाहत नाहीत, सरळ वाचतात, फळ्यावरचं उदाहरण वाचावं तसं. चौथी मागणी तुझ्या कागदावरची होती. अन्यायाचे कायदे करणाऱ्या आमच्या राज्यकर्त्यांना पायउतार होण्याची बुद्धी मिळावी. तुमच्याकडे हे वाचून लोक घरी जेवायला जातात. इथे मास्तरांनी ते खणखणीत आवाजात वाचलं, लोकांनी सवयीने आमची प्रार्थना ऐक म्हटलं, आणि बुधवारी पोलिसांनी त्यांना घरून उचललं. वय एकाहत्तर, दोन वेळचं इन्सुलिन. त्यांनी जबाब दिलाय की मागणी त्यांनीच लिहिली. कागद कुणाचा हे त्यांच्या बायकोने मला एका शब्दानं विचारलं नाही, फक्त इन्सुलिनचा डबा आत पोचवता येईल का एवढं विचारलं. तो अजून पोचलेला नाही. आपल्या फादरांनी या रविवारी प्रवचनात शांत राहा म्हणून सांगितलं.

मधलीला, फादरांना, सगळ्यांना मी हेच सांगितलं की आईच्या गडबडीत तुझ्या कागदावरची ओळ चुकून आमच्या कागदावर उतरली. सगळ्यांना पटलं. आई ऑपरेशनला आणि पोरगी भांबावलेली, कुणालाही पटेल. पण ती ओळ मी दोनदा वाचली होती. शाळेची मागणी लिहून झाली होती, ती खोडून मी तुझी लिहिली आणि मग फाइलसाठी साफ प्रत काढली. आपल्या देवळात एकदा तरी ती मोठ्यानं ऐकू यावी असं मला वाटलं, आणि ती माझ्याच तोंडून यायची होती. त्या रविवारपासून आज अकरा दिवस मी गप्प आहे. तुझ्यापुढे मान खाली घालूनच हे लिहितेय.

उद्या सकाळी दहाला मी पोलीस ठाण्यात जाऊन खोडलेला मूळ कागद त्यांच्यापुढे ठेवणार आहे. आईला सांगितलंय की शाळेच्या कामासाठी परगावी जाते. मास्तरांच्या बायकोची भाची आईपाशी राहील. तू रोज फोन कर आणि आईनं विचारलं तर हेच सांग, पाद्री असलास तरी. तुझ्या चौकात माझा फोटो नेऊ नकोस. तुमच्या मागण्या छापून जगभर जातात, त्यांत माझं नाव घालू नकोस. तिथल्या टाळ्यांची किंमत इथे मास्तर आणि शाळा मोजतील. तुमच्याकडे शेवटच्या मागणीनंतर क्षणभर सगळे गप्प राहतात म्हणालास ना, ज्याच्या त्याच्या मनातल्या मागणीसाठी. तिथे मास्तरांचं नाव घे आणि मग माझं. मोठ्यानं नको.

तुला फादर न म्हणणारी, तुझीच
ताई