निताने कापलेला मोर

पुसेगाव, ता. सेनगाव
२१ नोव्हेंबर २००४

प्रिय करुणा,
सप्रेम जयभीम.

सहा वर्षांनंतर माझे अक्षर पाहून तू दचकशील. घाबरू नकोस, प्रकृती ठीक आहे. ऑगस्टमध्ये तुझी आई गेली तेव्हा तू चार दिवस येथे होतीस. परंतु चहा-पाण्याखेरीज आपण एकमेकांशी काही बोललो नाही.

आईच्या बालवाडीतील लेकरे दर रविवारी आपल्या ओसरीवर येत, हे तुला ठाऊक आहे. जुन्या लग्नपत्रिका, काडेपेटीवरची चित्रे, चोळीच्या खणांचे तुकडे यांतून ती त्यांच्याकडून कोलाज करवून घेई. मी त्यास कचरा म्हणत असे. ती गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी सात लेकरे नेहमीप्रमाणे येऊन बसली. त्यांना परत पाठवणे मला जमले नाही. मी खळ करावयास घेतली. तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवलेल्या मनुष्याने पीठ आणि पाणी मोजून घेतले, तरी गुठळ्या झाल्याच. तांड्यावरची निता म्हणाली, "सर, बाई आधी गार पाण्यात पीठ कालवत व्हत्या. तुमी तं नुसतं ढवळून राहिले!" सगळी हसली. पद्मा गेल्यापासून या घरात प्रथमच कोणी हसले होते.

मागच्या रविवारी कागद संपले, म्हणून आईच्या पेटीच्या तळाचा गठ्ठा मी न पाहताच वाटून टाकला. निताने एका पत्रिकेवरचा मोर कापला. ती त्याच्या पाठीला खळ लावत असताना तेथे तुझे नाव दिसले. ती तुझीच पत्रिका होती. १९९८ साली ती आली, तेव्हा न उघडताच चुलीत घालावयास मी आईला सांगितले होते. मला न विचारता तू हरिचंदरावांशी विवाह ठरवलास, हा माझा राग होता. त्याला मी तत्त्व समजत राहिलो. मी मोर मागितला, तोवर निताने तो पुठ्ठ्यावर दाबला होता. "आता उपटला तं फाटंल, सर. रडून काहून राहिलात? दुसरा कापून देते न."

लेकरे गेल्यावर मी खाली बसून सारी कात्रणे वेचली आणि टेबलावर जुळवली. आपला पत्ता होता, जिल्हा परभणी असा जुना. तारीख होती. आणि तळाशी निमंत्रक म्हणून दोन नावे : सौ. पद्मा व प्रा. रत्नपाल मुंजाजी खिल्लारे. मी येणार नाही, असे तुला आधीच कळवले होते. तरीही तू माझ्या नावाने लोकांना बोलावलेस. सारे आले असतील; निमंत्रक तेवढा आला नाही.

आजच्या पत्राचे कारण एवढेच. सहा वर्षे उशिरा का होईना, निमंत्रण आता मीच धाडतो आहे. येत्या रविवारी तू आणि हरिचंदराव, दोघेही या. मोर ओसरीच्या भिंतीवर लावला आहे. तुझे नाव त्याच्या पाठीशी आहे. खळ मी करीन. आता गुठळ्या फारशा होत नाहीत.

तुझाच,
बाबा